चुन्याखालचे हात

ऋजुतानं फोनवर विचारलं, "बाबा, आपल्या घरातलं कुणी कधी शिरगळला होतं का? फार पूर्वी?"

"नाही," रघुवीर तोडकर म्हणाले. "का गं?"

"काही नाही. एका नमुन्याचा घोळ झालाय. तुम्ही नाही म्हणालात ना, मग प्रश्नच मिटला."

फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, इतक्या चटकन उत्तर द्यायला नको होतं. आठवून बघतो, असं तरी म्हणायला हवं होतं. एकोणसाठ वर्षांपूर्वीची गोष्ट ज्याला खरोखरच ठाऊक नसते, तो माणूस जरा थांबतो. पण ऋजुतानं संशय घेतला नव्हता. तिनं बापावर कधीच संशय घेतला नव्हता.

रघुवीर तोडकर बहात्तर वर्षांचे होते. कोल्हापुरात 'तोडकर मेडिकल' त्यांनी चाळीस वर्षं चालवलं. चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या न देणारा दुकानदार अशी त्यांची ख्याती होती. पत्नी सुलभा सहा वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी ऋजुता जुन्या डीएनएची शास्त्रज्ञ. तीन वर्षांपासून ती शिरगळला काम करत होती आणि या तीन वर्षांत रघुवीर तिथं एकदाही गेले नव्हते. गुडघे दुखतात, घाटात गाडी लागते, असं काही ना काही सांगत आले होते.

शिरगळ म्हणजे घाट उतरल्यावर खाडीकाठची एक टेकडी. तिच्यावर दीडशे वर्षांपूर्वी जांभ्या दगडाच्या सहा लांब बराकी बांधल्या गेल्या आणि गावोगावचे कुष्ठरोगी तिथं आणून ठेवले जाऊ लागले. २०१२ साली ती वसाहत बंद झाली. पुढे वीसेक वर्षं तिथं वटवाघळं राहिली. मग एका संस्थेनं ती जागा घेतली आणि तिथं समकालीन कलेचं संग्रहालय उभारलं. बराकी तशाच ठेवल्या, मधल्या मोकळ्या जागांवर काचेची छतं घातली. देशोदेशीचे कलावंत येऊन राहिले आणि त्या जागेनं त्यांना जे सुचवलं ते त्यांनी तिथंच केलं. दुसऱ्या बराकीत साठ लोखंडी खाटा छताला उलट्या टांगल्या होत्या. त्यांच्याखालून जाताना माणसं नकळत वाकत.

पण वर्तमानपत्रांतून ज्याची सर्वांत जास्त चर्चा होत होती ते तिसऱ्या बराकीत होतं, आणि ते ऋजुताच्या गटाचं काम होतं.

शिरगळच्या भिंतींना दरवर्षी दिवाळीच्या आधी चुना लावत. आधीचा चुना खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा थर द्यायचा. भिंतीला हात लागला की कातडीच्या बारीक पेशी आणि घाम तिथं राहतो. एरवी हे सगळं काही महिन्यांत नाहीसं होतं. पण चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि त्या दगडाचे स्फटिक डीएनएचे तुकडे घट्ट धरून ठेवतात. पुढच्या वर्षीचा थर बसला की आधीच्या वर्षाचे हात आत बंद. झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तसे हे थर मोजता येतात.

शिरगळच्या माणसांचे हात भिंतीला जरा जास्तच लागत. या रोगात हातापायांतली जाणीव जाते, काहींचे डोळेही जातात. अशी माणसं भिंतीला तळवा लावून चालायची. सहाही बराकींत कमरेच्या उंचीवर भिंतीचा एक पट्टा गुळगुळीत झालेला होता. त्या पट्ट्यात केसाएवढी सुई घालून ऋजुताच्या गटानं थराथरांतले नमुने काढले, तुकडे जुळवले आणि सहाशेहून अधिक माणसं वेगळी ओळखली. वसाहतीच्या वहीत ज्यांची धड नावंही नव्हती, अशी माणसं.

मग एका चित्रकर्तीनं त्यांच्याबरोबर बसून पुढची गोष्ट केली. भिंतीवर जिथं जिथं एखादा माणूस सापडला, तिथं तिथं चुन्याच्या आड एक बारीक दिवा बसवला. येणाऱ्यानं मनात असेल तर गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यायचा. यंत्र वीस मिनिटांत तुलना करतं. आई आणि मूल यांचं निम्मं जुळतं, आजी आणि नात यांचं साधारण चौथा हिस्सा. तसं काही जुळलं तर भिंतीतला तेवढा दिवा लागतो. कायमचा.

रघुवीरांनी हे सगळं वर्तमानपत्रात वाचलं होतं. एकदा नव्हे, चारदा.

त्यांची आई अनसूया. १९८२ साली तिच्या पाठीवर आणि हातावर चट्टे दिसले तेव्हा रघुवीर तेरा वर्षांचे होते. वडिलांनी एका पहाटे तिला एसटीत बसवलं, रघूलाही बरोबर घेतलं आणि शिरगळच्या फाटकापाशी सोडलं. गावात सांगितलं, माहेरी विषमज्वरानं गेली. वर्षभरात वडिलांनी गाव सोडलं आणि कोल्हापुरात बिऱ्हाड केलं. पुढे ऋजुतानं आजीबद्दल विचारलं तेव्हा तिलाही विषमज्वरच सांगितला गेला; आजीचं नाव घरात कधी घेतलंच गेलं नाही.

इथवर दोष वडिलांचा होता. तेरा वर्षांचं पोर काय करणार? रघुवीर स्वतःला हे नेहमी सांगत आणि ते खरंही होतं. त्याच्या पुढचं मात्र कुणाच्या माथी मारता येत नव्हतं.

१९९१ साली त्यांनी दुकान थाटलं. लग्न बारा दिवसांवर आलं होतं. बाजाराचा दिवस होता, काउंटरशी चारपाच माणसं होती आणि त्यांत सुलभाचे मामा होते. तेवढ्यात एक बाई पायरी चढून आली. धुतलेलं सुती लुगडं, पायांत जाड रबरी चपला, हातांची बोटं आत वळलेली. तिच्या हातात एक घडी केलेला कागद होता. ती माणसांतून पुढे आली आणि म्हणाली, "रघू."

त्यांनी ओळखलं. नऊ वर्षांनी आवाज ऐकला तरी ओळखला. तो कागद म्हणजे बरी झाल्याचा दाखला असणार हेही त्यांना कळलं, कारण नव्या गोळ्या आल्यापासून हा रोग पूर्ण बरा होतो हे त्यांच्याइतकं त्या दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. त्याच सकाळी अंगावर चट्टा असलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी धीर दिला होता. घाबरू नका, औषध सुरू केलं की हा कुणाला लागत नाही, घरात सगळ्यांबरोबर राहा.

सुलभाचे मामा वळून बघत होते.

"बाई, काय पाहिजे?" रघुवीर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं कागद पदराखाली घेतला. "बँडेजची पट्टी द्या एक," ती म्हणाली.

मुलाला ती पहिल्यांदा 'द्या' म्हणाली. त्यांनी पट्टी काढली, काउंटरवर ठेवली आणि बोटाच्या टोकानं पुढे सरकवली. तिची बोटं उघडत नव्हती, म्हणून तिनं ती दोन्ही तळव्यांत धरून उचलली आणि पायरी उतरून गेली. रघुवीरांनी पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.

त्यानंतर ती आली नाही. तेही गेले नाहीत. दरवर्षी त्यांनी ठरवलं की या वर्षी जाऊ. मग ऋजुता झाली, मग तिची शाळा, मग आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं, असं वाटू लागलं. आई कधी गेली, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या फोननंतर तीन आठवड्यांनी ऋजुतानं सांगितलं, "रविवारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी संग्रहालय उघडं ठेवतायत. मी गाडी पाठवते. या वेळी गुडघ्यांचं ऐकणार नाही मी."

नाही म्हटलं असतं तर ते उठून दिसलं असतं. रघुवीर गेले.

फाटक त्यांना ओळखू आलं नाही. तिथं आता काचेची तिकीटखिडकी होती. ऋजुता बाहेर येऊन उभी होती. ती सेहेचाळीस वर्षांची, केस पांढरे होऊ लागलेली, तरी बापाला बघून धावत आली. तिनं त्यांचा हात धरून सगळं दाखवलं. उलट्या टांगलेल्या खाटा दाखवल्या, खाडीच्या वाळूवर काढलेली चित्रं दाखवली. रघुवीर 'छान, छान' म्हणत होते.

चहा घेताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो तुझा नमुन्याचा घोळ मिटला का?"

"मिटला, पण वाईट वाटतंय," ऋजुता म्हणाली. "आमच्या सलमा मुजावर आहेत ना, तांत्रिक अधिकारी? तिसऱ्या बराकीतले नमुने त्यांनी काढले. आम्हा सगळ्यांचा डीएनए यंत्रात आधीच भरून ठेवलेला असतो, म्हणजे आमचाच हात कुठं लागला असेल तर कळतं. तर खिडकीजवळच्या एका जागी माझ्याशी चौथा हिस्सा जुळणारं कुणीतरी निघालं."

"मग?"

"मग काय! माझ्या टेबलावरची सुई नीट न धुता वापरली असणार. माझे तुकडे आणि तिथल्या कुणाचे तरी तुकडे मिसळले की असं अर्धवट काहीतरी दिसतं. सलमा म्हणतात, अकरा वर्षांच्या अकरा थरांत तेच माणूस सापडतंय, चूक अशी अकरा वेळा सारखी होत नाही. मी म्हटलं, सुई तीच असेल तर होते. तर त्या म्हणाल्या, मॅडम, तुमच्या वडिलांचा नमुना घ्या, दोन मिनिटांत निकाल लागेल." ऋजुता हसली. "मी चिडलेच. म्हटलं, माझ्या वडिलांनी नाही सांगितलंय. तेवढं पुरे."

रघुवीरांनी कप खाली ठेवला. "त्यांचं आता काय होणार?"

"चौकशी समिती बसली. एका जागी चूक झाली तर बाकीच्या सहाशे जागांवर कोण विश्वास ठेवणार? सलमांना थांबायला सांगितलंय. आज त्यांचा शेवटचा दिवस. वीस वर्षं या कामात आहेत. आता कुठली प्रयोगशाळा घेणार त्यांना? आणि ती जागा आज भिंतीवरून बाद करायची." तिनं घड्याळ पाहिलं. "तुम्ही पुढे व्हा ना तिसऱ्या बराकीत. तुळसामावशी फार छान सांगतात. मी येतेच."

रघुवीरांना तिथंच बोलता आलं असतं. ते उठले आणि पुढे गेले.

तिसरी बराक लांब, थंड आणि पांढरी होती. पंधरावीस माणसं एका म्हाताऱ्या बाईभोवती उभी होती. तुळसाबाई सोळाव्या वर्षी शिरगळला आल्या, बऱ्या झाल्या आणि जायला घर नव्हतं म्हणून इथंच राहिल्या. आता त्या संग्रहालयाच्या नोकरीत होत्या. बोटांची नुसती पेरं उरलेला हात वर करून त्या एकेक जागा दाखवत होत्या. भिंतीत नऊ दिवे लागलेले होते.

खिडकीपाशी येऊन त्या थांबल्या. "हितं अनसूयाकाकीची खाट व्हती. सत्तावीस वरसं हितंच निजली ती. दोन हजार नऊ साली गेली. मला तिनंच लिवाय-वाचाय शिकवलं."

रघुवीर माणसांच्या मागे उभे होते. दोन हजार नऊ.

"तिचा ल्योक कोल्हापुरात व्हता. औषधाचं दुकान व्हतं त्याचं. नाव कदी सांगितलं न्हाई तिनं, त्याच्या लग्नाकार्याला बाधा नगं म्हणून. ती बरी झाल्यावर एकदा गेली व्हती त्याच्याकडं. दुकानात ही गर्दी! पण आईला बगितल्याबरुबर तो गिऱ्हाईक टाकून खाली उतरला. हाताला धरून वर नेलं, आपल्या खुर्चीवर बसवलं. तिच्या हाताला जखम व्हती, ती सोताच्या हातानं धुतली आन पट्टी बांदली. म्हनला, आई, आता जायाचं न्हाई. रडला. पर हीच उठली. म्हनली, लेकरा, तुजं लगीन हाय, मी हितं ऱ्हायले तर मोडंल. आन आली माघारी. ती पट्टी तिनं मरस्तवर ट्रंकेत ठेवली व्हती."

कुणीतरी नाक ओढलं. रघुवीरांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी डोळे पुसले. "त्या काळात असा मुलगा," त्या रघुवीरांना म्हणाल्या. "फार मोठ्या मनाचा म्हणायचा, नाही का हो?"

"हो," रघुवीर म्हणाले.

तो शब्द तोंडातून गेला होता. आईला त्यांनी दारातून घालवलं होतं. तिनं इथं परत येऊन त्यांना चांगलं केलं होतं. अठरा वर्षं ती हे सांगत राहिली असणार, प्रत्येक नव्या माणसाला, कुणी मुलाला नावं ठेवू नयेत म्हणून. आणि आज ते इथं उभे राहून त्याचं कौतुक घेत होते.

तेवढ्यात ऋजुता आली. तिच्याबरोबर पन्नाशीची एक सडपातळ बाई होती. गळ्यात ओळखपत्र, हातात दिव्याची जागा झाकायची पांढरी धातूची चकती आणि हत्यारांची पेटी. सलमा मुजावर. त्या कुणाकडे न बघता खिडकीपाशी गेल्या आणि चकती भिंतीवर धरून मोजमाप घेऊ लागल्या.

"ह्ये काय?" तुळसाबाई म्हणाल्या.

"मावशी, ही जागा बंद करतोय," ऋजुता म्हणाली. "इथला नमुना बिघडलाय."

"बिगाडला म्हंजी? ती हितंच निजायची. मी सांगते की!"

"त्या होत्या, मावशी. पण हा हात त्यांचाच, हे सिद्ध होत नाही. ज्याची खात्री नाही ते आम्हाला भिंतीवर ठेवता येत नाही."

"माझ्याकडून होऊ दे मॅडम, शेवटचं काम आहे," सलमा शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी पेटीतून स्क्रू काढला.

"ऋजू," रघुवीर म्हणाले. "थांबव ते."

सगळ्यांनी मागे पाहिलं.

"बाबा?"

"अनसूया माझी आई."

ऋजुताच्या कपाळावर आठी पडली. त्यांना उन्हाचा त्रास झाला असावा असं तिला वाटलं. "बाबा, तुमची आई तुम्ही तेरा वर्षांचे असताना गेली. विषमज्वरानं."

"नाही गेली. आम्ही तिला इथं आणून सोडलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

पहिल्यांदा हलल्या त्या तुळसाबाई. त्यांचा चेहरा एकदम फुलला. त्या माणसांतून वाट काढत आल्या, दोन्ही हात वर करून. "म्हंजी तुमीच व्हय त्ये! दुकानवाले! अरं देवा, किती सांगायची ती तुमचं..."

"मावशी, तसं झालं नव्हतं," रघुवीर म्हणाले.

तुळसाबाईंचे हात तसेच राहिले.

"मी खुर्ची दिली नाही. खाली उतरलो नाही. ती 'रघू' म्हणाली आणि मी तिला विचारलं, बाई, काय पाहिजे. तिनं पट्टी मागितली. मी ती काउंटरवरून सरकवली, हात लागू नये म्हणून. ती गेली. मी हाक मारली नाही. नंतरही कधी आलो नाही." ते थांबले. अजून एक उरलं होतं. "मला माहीत होतं ती बरी झालीय. मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं."

मघाच्या बाई हळूच बाजूला सरकल्या. रघुवीरांनी ते पाहिलं.

तुळसाबाईंनी हात खाली घेतले. मग त्यांनी विचारलं, "मग कोलापुरास्नं आली तवा चार दिस हसत व्हती, ती कशापायी?"



ऋजुता बाहेर गेली आणि कापसाच्या बोळ्याचं बंद पाकीट घेऊन आली. ते तिनं सलमांच्या हातात दिलं. "तुम्ही घ्या. माझा हात लागायला नको."

"तोंड उघडा, काका," सलमा म्हणाल्या.

वीस मिनिटं लागली. कुणी गेलं नाही. रघुवीरांना बसायला स्टूल दिलं गेलं, पण ते बसले नाहीत. मग खिडकीपाशी चुन्याच्या आड एक पिवळा दिवा लागला. बाकीच्या नऊ दिव्यांएवढाच.

ऋजुतानं दिव्याकडे बघितलंच नाही. ती सलमांकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सलमा, मी चुकले. मी यंत्राचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं नाही, मावशी कोल्हापूरचं औषधाचं दुकान सांगत होत्या तेही ऐकलं नाही. घरच्या माणसाचं ऐकलं."

सलमांनी स्क्रू पेटीत ठेवला. "ते लेखी द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "समितीला लागेल."

गाडीपर्यंत ऋजुता बरोबर आली. दार उघडून दिलं, पण त्यांना आत बसू दिलं नाही.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"आजी गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, बाबा. शिरगळ आपल्या घरापासून तीन तासांवर आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. सलमांची नोकरी जाईल हे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला मान्य. माहीत असतं तर?"

रघुवीरांनी विचार केला. आज तरी तिला खरं सांगायचं होतं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

तिनं मान हलवली आणि गाडीचं दार लावलं.

समितीनं सलमा मुजावर यांना परत घेतलं. त्या कामाला आल्या, पण ऋजुताच्या टेबलावर दुपारचा डबा खायला बसणं त्यांनी सोडलं. ऋजुताचं कोल्हापूरला येणं बंद झालं. दोन महिन्यांनी तिचा एक मेल आला, कार्यालयातून येतात तसा. तुळसाबाई आता खिडकीजवळच्या जागेबद्दल बोलायला तयार नाहीत, असं त्यात होतं. खोटं मला सांगता येत नाही आणि खरं माझ्या तोंडात बसत नाही, ज्याचं आहे त्यानं सांगावं, असं त्या म्हणतात. रविवारी सकाळी अकरा आणि दुपारी चार, असे दोन गट असतात. आपल्याला जमेल का?

जमेल, असं रघुवीरांनी कळवलं. त्यानंतर दर रविवारी ते पहाटेच्या एसटीनं घाट उतरू लागले.  चौथ्या रविवारी त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं त्यांना ओळखलं. त्यानंतर कोल्हापुरात फिरायला जाताना समोरून येणारी काही माणसं रस्ता ओलांडू लागली. रघुवीरांनी फिरायची वाट बदलली नाही.

भिंतीतले दिवे वाढत गेले. वर्षभरात एक्काहत्तर झाले. त्याबरोबर एक गोष्ट अशी झाली, जी कुणी गृहीत धरलेली नव्हती. लोक दिवा बंद करण्याचे अर्ज घेऊन येऊ लागले. हौसेनं नमुना दिलेला असायचा. दिवा लागला की घरी भांडणं व्हायची, काका-मामांचे फोन यायचे, कुठं ठरलेली सोयरीक थांबायची. औषध येऊन साठ वर्षं झाली होती, तरी थांबायची. संग्रहालयानं नियम केला की नातेवाइकाला अर्जाचा हक्क आहे, मात्र अर्ज इथं येऊन, भिंतीसमोर बसून भरायचा.

एका रविवारी दिगंबर ओतारी नावाचे पन्नाशीचे गृहस्थ नाशिकहून आले. त्यांच्या थोरल्या चुलत्याचा दिवा लागला होता आणि मुलीच्या सासरी ते कळलं होतं. ते बाकावर अर्ज घेऊन बसले असताना अकराचा गट आला. रघुवीरांनी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. नाव, गाव, दुकान, 'बाई, काय पाहिजे', पट्टी.  एका माणसानं चौथ्या बराकीची वाट तेवढी विचारली. रघुवीरांनी ती दाखवली.

गट पुढे गेल्यावर ओतारींनी अर्जावर सही केली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तुम्ही मला अडवलं नाहीत," ते म्हणाले.

"मी कोण अडवणार?"

"हे सगळं सांगून बरं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"मुलगी बोलते?"

"कामापुरतं."

"मग या वयात, एवढा घाट उतरून दर रविवारी येता कशाला? एकदा सांगितलंत ना, झालं."

रघुवीर गुडघा चोळत बाकावर बसले. चारच्या गटाला अजून बराच अवकाश होता.

"मधल्या एका रविवारी मला ताप होता, आलो नव्हतो," ते म्हणाले. "तेव्हा कुणीतरी जुनीच, खुर्चीवाली गोष्ट सांगितली. आईची. मी नसलो की लोक माझी स्तुती करतात हो."